तिसऱ्यांदा विचारल्यावर

मार्लिस स्कुबिकच्या घरी पोटीत्साचा शेवटचा तुकडा आजवर गावातल्या कुणी खाल्लेला नाही. पोटीत्सा म्हणजे अक्रोडाचं सारण भरून गुंडाळलेला गोड पाव. तिच्या सासूची सासू स्लोव्हेनियाहून मिनेसोटात आली तेव्हा बाकी काही आणलं नाही, पण ही कृती तेवढी डोक्यात घेऊन आली. ताटलीत शेवटचा तुकडा उरला की एक पाहुणा त्याचा अर्धा करतो, दुसरा त्या अर्ध्याचा अर्धा, आणि शेवटी जे उरतं ते बघून मुंगीलासुद्धा संकोच वाटेल.

याचं कारण असं, की काल्डर गावात कुठलीही गोष्ट पहिल्या विचारण्याला घेत नाहीत. कॉफी घेणार? नको. अहो घ्या की! नको, खरंच नको. घ्याच थोडी! बरं, अगदी घोटभर. मग तो घोटभरवाला माणूस तीन कप रिचवतो, ती गोष्ट निराळी. पण पहिल्या फटक्यात 'हो' म्हणणारा हावरट, आणि तिसऱ्यांदाही 'नाही' म्हणणारा माजोरडा. मार्लिस चोपन्न वर्षांची झाली, पण यातलं ती एकदाही काही झाली नव्हती.

गावच्या हॉकी रिंकमध्ये, म्हणजे बर्फावरच्या हॉकीच्या बंदिस्त मैदानात, तिकीट खिडकीच्या शेजारी, तिचं धारेचं दुकान. दुकान कसलं, कपाट म्हणा. एक चाक, एक स्टूल, एक भिंतीवरचा फोन आणि स्केट्सचा ढीग. सव्वीस वर्षं ती गावातल्या लहानथोरांच्या स्केट्सना धार लावतेय. पातं हातात घेतलं की सांगते, हा डावीकडे वळताना घाबरतो, ही बया उभी राहून नुसत्या गप्पा मारते. जिभेलाही तिच्या चाकाइतकीच धार, फक्त एक अट, माणूस समोर नसला पाहिजे. समोर असला की बाई लोण्यासारखी मऊ.

तिचा नवरा डेल लोखंडाच्या खाणीत ट्रक चालवतो. दिवसाला शंभरेक शब्द बोलतो, त्यातले पन्नास ट्रकला उद्देशून. आणि मुलगा ब्रँट, एकुलता एक, सहा फूट दोन इंच, हॉकीत बचावाला उभा राहणारा.

ब्रँट अठरा वर्षांचा असताना ड्राफ्टमध्ये त्याचं नाव लागलं. हा ड्राफ्ट म्हणजे दर उन्हाळ्यात मोठे व्यावसायिक क्लब आळीपाळीने देशोदेशीची पोरं निवडतात तो. सात फेऱ्या असतात. ब्रँट सातव्या फेरीत, जवळजवळ खुर्च्या आवरायची वेळ झाली तेव्हा, पूर्वेकडच्या हॅलम शहराच्या क्लबने उचलला. क्लबच्या चिन्हात बगळा. गावाला काय, तेवढं पुरलं! अग्निशामक बंबातून मिरवणूक निघाली. रिंकच्या दारावर 'आपले निवडलेले' अशी लाकडी पाटी आहे, तिच्यावर सोनेरी रंगात नवं नाव लिहायचं काम नेहमी मार्लिसचंच, कारण तिचं अक्षर चांगलं. स्वतःच्या मुलाचं नाव लिहिताना तिचा हात असा कापला, की 'स्कुबिक'चा शेवट थोडा खाली घसरलाय. तो अजून तसाच आहे.

त्याच दिवशी ब्रँटचा जिवलग टेट निस्काला तिच्या दुकानामागच्या जिन्यात बसून ढसाढसा रडला. त्याचं नाव कुणीच घेतलं नव्हतं. सात फेऱ्या, दोनशेवर पोरं, आणि टेट नाही. मार्लिसने त्याला पोटीत्सा दिला. तो नको म्हणाला. तिने पुन्हा दिला, तो पुन्हा नको म्हणाला. तिसऱ्यांदा त्याने अख्खा पाव संपवला.

दोघं एकाच कॉलेजात गेले, चार वर्षं एकाच खोलीत राहिले, एकाच संघात खेळले. मार्लिसने क्लबची बगळ्याची टोपी विकत घेतली, ती डोक्यावर चढवली ती चढवलीच. धार लावताना बगळा, किराणा आणताना बगळा, चर्चमध्ये तेवढा पर्समध्ये.

आता त्या ड्राफ्टची मेख ऐका. एकदा क्लबने निवडलं की पोरगा त्या क्लबचा. तो कॉलेजात शिकत असेल तोवर क्लबने त्याच्याशी करार करावा, न करावा, त्यांची मर्जी. पण दुसऱ्या कुणी त्याच्याकडे नुसतं वाकडं पाहायचं नाही, बोलणं तर लांबच. हा हक्क कधी सुटतो? तर चार वर्षांचं कॉलेज संपल्यावर येणाऱ्या पंधरा ऑगस्टला. तारीख बघा कशी! त्या दिवशी हॅलमचे पाच, म्हणजे काल्डरचे चार वाजले की पोरगा मोकळा, जिथे हवं तिथे जायला. आणि ज्याला कुणी निवडलंच नाही तो? तो आधीपासूनच मोकळा. साखरपुडा होऊन चार वर्षं लग्नाची तारीख न निघालेल्या मुलीसारखी ब्रँटची गत, आणि टेटच्या दारात स्थळांची रांग!

ही रांग खरोखरच लागली. चौथ्या वर्षाचा मोसम संपला त्या आठवड्यात टेटला सहा क्लबांचे फोन आले. त्याने आरामात बसून कुणाकडे कोणती जागा रिकामी आहे ते पाहिलं, आणि जिथे लगेच खेळायला मिळेल तिथे सही केली. गावात आला तो मार्लिसच्या खिडकीवर कोपर टेकून उभा.

"मिसेस स्कुबिक, तुमचा बगळा अजून एका पायावरच उभा का?"

"उभा राहील नाही तर उडेल, तुला काय करायचंय? स्केट दे इकडे. काय दशा केलीयस पात्यांची! सही करून आलास, आता विळ्याने बर्फ कापतोस का?"

टेट हसला, पण मार्लिसने मान खाली घालून स्केट चाकाला लावला. कारण ब्रँट मोकळा नव्हता, आणि त्यात तिचा हात होता.

झालं होतं असं, की तिसऱ्या वर्षीच्या वसंतात हॅलम क्लबचा माणूस, मिस्टर ऑल्ड्रिज, स्वतः काल्डरला आला होता. पॉलिश केलेले बूट, डोळ्यांत घाई. मार्लिसच्या टेबलाशी बसून म्हणाला, "ब्रँट, कॉलेज सोड आणि आमच्याकडे ये. करार तयार आहे." टेबलाखाली मार्लिसने मुलाच्या पायाला पाय लावला. ब्रँट लाल होऊन म्हणाला, "नको... म्हणजे, एक वर्ष राहिलंय अजून." केवढा अभिमान वाटला तिला! किती संस्कारी पोर! मग दोघं मायलेक वाट बघत बसले, आता तो पुन्हा विचारील म्हणून. ऑल्ड्रिजने कॉफी संपवली, पोटीत्साचा शेवटचा तुकडा, अख्खाच्या अख्खा, तोंडात टाकला, हात मिळवला आणि विमानतळावर गेला.

तो गेल्यावर डेल म्हणाला, "ह्यांच्याकडे एकदाच विचारतात वाटतं."

"असं कसं? एकदा विचारणं म्हणजे काय विचारणं झालं? परवा येईल फोन."

परवाही आला नाही आणि त्या वर्षातही नाही. हॅलमने त्या उन्हाळ्यात दुसरे तीन बचाववाले घेतले. चौथ्या वर्षी कोचने ब्रँटला उजवीकडून डावीकडे हलवलं. तो असा खेळला, की लोक तिकीट काढून बचाव बघायला येऊ लागले. हॅलमचं कुत्रंसुद्धा बघायला आलं नाही.

बघायला यायचा तो वेगळाच एक. हिरव्या जॅकेटातला, वहीत सतत काहीतरी लिहिणारा, साठीचा माणूस. मार्लिसने त्याला नऊ सामन्यांत पाहिला. एका कडाक्याच्या थंडीत तिला राहवलं नाही. थर्मास घेऊन ती त्याच्याकडे गेली.

"कॉफी घ्या."

"नको, आभारी आहे."

"अहो घ्या, नाक निळं पडलंय तुमचं."

"नको, बाई. खरंच."

"घ्याच हो थोडी!"

"नाही घेऊ शकत," तो म्हणाला, आणि वही मिटून चक्क दोन ओळी वर जाऊन बसला.

मार्लिस घरी आली ती धुमसतच. "तीनदा विचारलं मी त्याला! तीनदा! कुठल्या गुहेत वाढलाय हा माणूस?" नंतर टेटने सांगितलं, की तो पश्चिमेकडच्या एका क्लबचा आहे, आणि दुसऱ्याने निवडलेल्या खेळाडूच्या घरच्यांशी बोलताना दिसला असता तर त्याची नोकरी गेली असती. तरी तिचा राग पुरता गेला नाही. कॉफीत कसला आलाय नियम?

असा जुलै उजाडला. पाच तारखेला ऑल्ड्रिजचा ब्रँटला फोन आला. म्हणाला, आमच्या खालच्या संघात ये, एका वर्षापुरता, पुढचं पुढे बघू. ब्रँट म्हणाला, "नको. थँक यू." फोन ठेवून आईकडे बघितलं. दोघांच्याही मनात एकच आकडा आला. पहिल्यांदा त्या वसंतात. आज दुसऱ्यांदा.

त्या रात्री जेवताना वाद झाला. डेलने त्याचे दिवसाचे उरलेले सगळे शब्द एकदम काढले. "कुणी विचारत नव्हतं तेव्हा त्यांनी आपल्या पोराचं नाव घेतलं. पाटीवर आहे ते. आपण शब्द पाळणारी माणसं."

"बाबा, मी त्यांना शब्द दिलाच कधी? त्यांनी चिठ्ठी काढली माझ्या नावाची, मला न विचारता."

"आणि पंधरा तारखेला मोकळा झालास, आणि कुणी आलंच नाही तर?"

तेच तर खरं होतं. चार वाजेपर्यंत बाकीचे क्लब ब्रँटशी बोलूही शकत नव्हते. हिरव्या जॅकेटवाल्याच्या वहीत काय लिहिलंय ते त्यालाच ठाऊक. हातचं सोडलं आणि पुढे काही नसलं, तर बाविसाव्या वर्षी हॉकी संपली आणि खाणीतला ट्रक सुरू. ब्रँट ताटाकडे बघत म्हणाला, "मी थांबणार. हॅलमकडे माझ्यापुढे आठ जण रांगेत आहेत, तिथे मी बाकावर म्हातारा होईन. पण आई, त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं तर मला नाही म्हणता येणार नाही. तोंडातून निघणारच नाही. तूच शिकवलंयस, तूच निस्तर."

ब्रँटचे व्यवहार बघणाऱ्या मिनियापोलिसच्या एजंटने एकच सल्ला दिला होता, तो म्हणजे फोन उचलू नका. एजंटला बोलायला काय जातंय! काल्डरमध्ये वाजणारा फोन न उचलणं म्हणजे दारात आलेल्या माणसाच्या तोंडावर दार लावण्यासारखं.

पंधरा ऑगस्टला ब्रँटने स्वतःचा मोबाइल बंद करून ट्रकच्या खणात टाकला आणि एजंटला म्हणाला, चारनंतर काय ते रिंकवर कळवा. दुपारी तीन वाजता तो आईच्या दुकानात उपड्या बादलीवर बसला होता आणि काठीला लावलेली टेप काढून पुन्हा लावत होता. चौथ्यांदा. टेट दारात उभा होता. डेल सुट्टी टाकून आला होता, पण 'इकडून चाललो होतो' असं सांगत होता. मार्लिस ब्रँटच्याच स्केट्सना धार लावत होती. एवढी धार त्या पात्यांना आयुष्यात लागली नसेल.

तीन पस्तीसला भिंतीवरचा फोन वाजला.

"नका उचलू," टेट म्हणाला.

चार वेळा वाजला, पाच वेळा वाजला. मार्लिसने हात ॲप्रनला पुसले आणि उचलला. "धारेचं दुकान, मार्लिस बोलतेय."

"मिसेस स्कुबिक! ऑल्ड्रिज. ब्रँटचा फोन लागत नाही. ऐका, वेळ थोडा आहे. दोन वर्षांचा करार, पूर्ण. मुख्य संघाच्या शिबिरात जागा. तिकडे त्याने फक्त हो म्हणायचं, कागद मी लगेच पाठवतो. तिसऱ्यांदा विचारतोय मी, यापेक्षा काय करू?"

तिसऱ्यांदा. तो सहज बोलून गेला बिचारा, पण मार्लिसच्या गळ्यात 'बरं, थोडंसं' येऊन उभं राहिलं. दोन वर्षांचा करार! चौथ्या वर्षी कुणी हे दिलं असतं तर तिने सगळ्या गावाला पोटीत्सा वाटला असता. तिने ब्रँटकडे फोन धरला. त्याने मान हलवली, आणि डोळे टेपवरून काढले नाहीत. कान लालभडक.

"तो इथेच आहे," ती म्हणाली. "पण विचार करतोय..."

"विचार कसला? उजवीकडे आम्हाला अगदी त्याच्यासारखाच माणूस पाहिजे. उजव्या बाजूचा इतका भरवशाचा बचाव सध्या कुणाकडे आहे?"

मार्लिसच्या हातात अजून स्केट होता. तिने पात्यावरून अंगठा फिरवला. कुठली कड जास्त झिजते ते तिला डोळे मिटूनही कळत होतं. वर्षभर हा पोरगा डावीकडे खेळला होता. टेटला माहीत, डेलला माहीत, रिंकच्या झाडूवाल्याला माहीत. त्या हिरव्या जॅकेटवाल्याच्या वहीत तर पानंच्या पानं असतील. आणि ज्यांनी त्याला चार वर्षं मुठीत धरून ठेवलं, ज्यांचा बगळा ती डोक्यावर मिरवत होती, त्यांनी वर्षभरात एकदाही मूठ उघडून आत काय आहे ते पाहिलं नव्हतं.

इतका राग तिला कधी आला नव्हता. आणि माणूस समोर नव्हता, फोनवर होता, त्याचा थोडा फायदा झालाच.

"मिस्टर ऑल्ड्रिज," ती म्हणाली, "नाही."

"म्हणजे थोड्या वेळाने...?"

"थोड्या वेळाने नाही, उद्या नाही. नाही म्हणजे नाही. आणि तो डावीकडे खेळतो. ऑक्टोबरपासून. पोटीत्सा आवडला होता ना तुम्हाला? बरं वाटलं. ठेवते."

तिने फोन ठेवला आणि मटकन स्टुलावर बसली. टेटने तोंडावर हात ठेवला होता. डेल तिच्याकडे असा बघत होता, जणू बाई भलत्याच कुणाचं घर पेटवून आलीय.

"तिसऱ्यांदाही नाही म्हणालीस," तो म्हणाला.

"म्हणाले. आता काय करतोस, पाटीवरून नाव खोडतोस?"

डेलने खिशातून हात काढून तिच्या खांद्यावर ठेवला.

चार वाजले. रिंकच्या मोठ्या घड्याळाचा काटा टक करून हलला आणि ब्रँट मोकळा झाला. मोकळा म्हणजे काय, बादलीवर बसलेला, हातात काठी, आणि कुणाचाही नाही. फोन गप्प. चार पाच. चार दहा. टेट उगाच म्हणाला, "माझ्या वेळी पण थोडा वेळ गेला होता हं," आणि सगळ्यांना माहीत होतं की नव्हता गेला. मार्लिसने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. चार वर्षांत पहिल्यांदा दुकानात तिचे केस दिसले. तिला वाटलं, पहिल्यांदा मी टेबलाखालून पाय लावला म्हणून गेलं, तिसऱ्यांदा मी तोंड उघडलं म्हणून गेलं. पोराचं आयुष्य मीच दोन्ही बाजूंनी कापलं. डोळे भरून आले आणि तिने चाक सुरू केलं, म्हणजे कुणाला काही ऐकू जाऊ नये.

चाकाच्या आवाजात फोन वाजतोय हे आधी डेलला कळलं. चार सतरा. त्याने हात लांब करून चाक बंद केलं.

"धारेचं दुकान," मार्लिस म्हणाली. आवाज चिरका निघाला.

"मिसेस स्कुबिक? आपलं नीट बोलणं कधी झालं नाही. एजंटला विचारून हा नंबर घेतला. जानेवारीत तुम्ही मला कॉफी विचारली होती. तीनदा." पलीकडचा माणूस खाकरला. "तेव्हा घेता आली नाही. हिरवं जॅकेट, दोन ओळी वर. आठवतं का?"

"आठवतं म्हणजे! नाक निळं पडलं होतं तुमचं!"

"अजून मिळेल का ती कॉफी? मी डुलुथला आहे, दीड तासात पोचतो. पण त्याआधी तुमच्या मुलाला एक विचारायचंय. आमच्याकडे डावी बाजू रिकामी आहे."

तिने फोन ब्रँटच्या हातात दिला. तो उभा राहून ऐकत होता. बादली कलंडली, टेपचा गोळा घरंगळत डेलच्या बुटाशी गेला. मार्लिस त्याच्या ओठांकडे बघत होती. बावीस वर्षं तिनेच त्या ओठांना 'नको' म्हणायला शिकवलं होतं.

"हो," ब्रँट म्हणाला. एकदाच विचारलं होतं त्याला. "हो सर. येतो."

टेटने अशी आरोळी ठोकली, की तिकीट खिडकीतली बाई बाहेर आली. मार्लिस हसत होती, रडत होती आणि मुलाच्या दंडावर चापट्या मारत होती. "पहिल्याच विचारण्याला? हावरट मेला! हेच शिकवलं का मी तुला?"

नंतर टेट आणि ब्रँट गावभर सांगायला पळाले, आणि दुकानात दोघंच उरले. मार्लिस स्टुलावर बसली होती, नाक लाल, टोपी कचऱ्याच्या डब्याच्या काठावर टाकलेली. डेलने तिचा थर्मास उघडला, झाकणात कॉफी ओतली.

"घेणार?" त्याने विचारलं.

"घेणार," मार्लिस म्हणाली, आणि हात पुढे केला.